कार्ड मशीन सतत ऑनलाइन कसं ठेवायचं? (केबल, वायफाय, सिम, बॅकअप)

लुकलुक (धागाकर्ता)

कार्ड मशीनवर ‘कनेक्शन नाही’ आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: नेटचा प्लॅन वाढवा. त्याने सहसा काहीच फरक पडत नाही. कार्डाच्या एका व्यवहाराचा निरोप जेमतेम काही शे बाइटचा असतो, आणि टीएलएसची (संवाद गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीची) सुरुवातीची देवाणघेवाण धरली तरी सगळं मिळून थोड्या किलोबाइटांत आटोपतं. एक एमबीपीएसची लाइनही त्याला पुरून उरते. मात्र ठरलेल्या सेकंदांत उत्तर परत आलं नाही, तर व्यवहार गेला. म्हणून मशीनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंतच्या साखळीत कुठली कडी सुटते हे आधी शोधायचं आणि मगच खर्च करायचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पाहा. पावतीवर किंवा पडद्यावर दोन अंकी उत्तर-कोड आलाय का? ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. ०५ म्हणजे बँकेने व्यवहार नाकारला. हे कोड पलीकडून येतात. कोड आला याचा अर्थ तुमचं नेट चालू आहे, तेव्हा राउटरला हात लावू नका. कोड नाही, नुसतं ‘होस्ट मिळत नाही’ किंवा ‘टाइमआउट’ असेल, तरच पुढचं सगळं वाचा.

ज्यांना या कामातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी आपापल्या कडीबद्दल लिहावं. आकडे आणि कारणं दोन्ही द्या.

आठतारी

केबलपासून सुरू करतो, कारण एका जागी बसलेल्या मशीनला केबलच द्यावी या मताचा मी आहे.

कॅट ५ई किंवा कॅट ६, एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत. काउंटरवर खरा घात होतो तो टोकाला. आरजे-४५ प्लग जवळून पाहा: वरची प्लास्टिकची जीभ तुटलेली असेल, तर प्लग खाचेत बसल्यासारखा दिसतो, पण मशीन ग्राहकाकडे फिरवलं की अर्धा मिलिमीटर मागे सरकतो. लिंकचा दिवा विझतो आणि मशीन परत ठेवलं की लागतो. तपासायला येणाऱ्याला त्यामुळे काहीच दिसत नाही. दुसरं, केबलचं बाहेरचं आवरण प्लगच्या आत, दाबपट्टीखाली गेलेलं असायला हवं. आवरण बाहेरच संपून आठ रंगीत तारा उघड्या दिसत असतील, तर सगळा ताण त्या तारांवर येतो. असा प्लग कापून नवा बसवा. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

हातात फिरणारं मशीन बेसवर बसून केबलशी जोडलं जात असेल, तर बेसवरचे पितळी ठिपके महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, बेसची वीज काढून.

आता ज्याचा शोध घेताना लोकांचे दिवस जातात ते सांगतो. मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा, अनेक केबल जोडणारा डबा) असेल, तर त्यावर सहसा स्पॅनिंग ट्री चालू असतो, म्हणजे केबलींचा लूप (गोल फिरणारी वाट) होऊ न देणारी व्यवस्था. जुन्या ८०२.१डी पद्धतीत पोर्टवर लिंक आल्यावर स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मग डेटा सोडतो. या ३० सेकंदांत मशीन डीएचसीपीला (पत्ते वाटणाऱ्या सेवेला) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मागून थकतं आणि ‘आयपी मिळाला नाही’ म्हणून थांबतं. मशीन जोडलेल्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज पोर्ट’ चालू करा. स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र ते कधीही लावू नका, लूप झाला तर अख्खं नेटवर्क बसेल.

रात्रपाळी

@आठतारी, स्पॅनिंग ट्रीच्या मुद्द्याला जोड. मशीन रोज एकदा स्वतःहून रीस्टार्ट होतं, हे अनेकांना माहीत नसतं आणि मग बिघाड समजून तक्रार होते. पीसीआयच्या (कार्ड-सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) पीटीएस या मशीनसाठीच्या नियमांनुसार मशीनला २४ तासांतून किमान एकदा मेमरी नव्याने सुरू करून स्वतःची तपासणी करावी लागते. ही वेळ सहसा पहाटेची ठेवलेली असते. म्हणजे रोज लिंक तुटते, रोज नव्याने आयपी मागितला जातो, आणि तुमची ३० सेकंदांची अडचण रोज एकदा उभी राहते.

रात्री बंद करताना राउटरचं बटण बंद करायची सवय असेल तर आणखी वाईट. पहाटे मशीन उठतं, राउटर नसतो, आणि काही मॉडेल थोडे प्रयत्न करून गप्प बसतात. सकाळी राउटर लागला तरी मशीन हलत नाही. राउटर आणि फायबरचा डबा चोवीस तास चालू ठेवा. सॉफ्टवेअरचे अपडेटही रात्रीच उतरतात.

आयपीबद्दल: मशीनमध्ये हाताने स्थिर आयपी भरू नका. राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (मशीनच्या हार्डवेअर क्रमांकावर) आयपी राखून ठेवा. फायदा तोच, शिवाय राउटर बदलला की प्रत्येक मशीनच्या मेनूत जाऊन मास्क, गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, सहसा राउटर), डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) बदलत बसावं लागत नाही. बिलिंगचा संगणक मशीनला रक्कम पाठवत असेल तर हे राखीव ठेवणं आवश्यकच आहे, कारण तो संगणक मशीनला आयपीनेच हाक मारतो. आयपी बदलला की रक्कम भलतीकडे जाते आणि दोष मशीनवर येतो.

खांबावरचा

वायफायवाल्यांसाठी, कारण सगळीकडे केबल पोचत नाही.

जुन्या मशीनला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतो. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आसपासच्या राउटरांची पाहणी करून यातला सर्वांत मोकळा चॅनेल हाताने ठरवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ‘ऑटो’ ठेवलं तर राउटर भर गर्दीत चॅनेल बदलतो, आणि फोनला जे कळतही नाही ते मशीनला अर्ध्या मिनिटाला पडतं. १२ आणि १३ टाळा, काही मशीनना ते दिसतच नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो, तो राउटर आणि मशीन यांच्यामध्ये नसावा.

५ गिगाहर्ट्झ जमत असेल तर ३६ ते ४८ यांतला चॅनेल घ्या. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावाच लागतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. तेवढा वेळ मशीन अधांतरी.

सिग्नल मशीनच्या नेहमीच्या जागी, काउंटरच्या उंचीवर मोजा. उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून बरा हवा. उणे ७५च्या खाली गेलात की ‘कधी चालतं, कधी नाही’ सुरू होतं.

सुरक्षेचं (वायफायच्या पासवर्ड-संरक्षणाचा प्रकार): डब्ल्यूपीए२, एईएससह. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर बरीच जुनी मशीन जोडली जात नाहीत. मिश्र मोडमध्येही ‘संरक्षित मॅनेजमेंट फ्रेम’ सक्तीचं असेल तर तीच गत, ते ‘ऐच्छिक’वर ठेवा. पाहुण्यांच्या वायफायवर मशीन टाकू नका. तिथे आधी वेबपान उघडून ‘मान्य आहे’ दाबावं लागतं, आणि ते बटण मशीन दाबू शकत नाही.

गाठीशी

वेगळं नेटवर्क हवंच, पण ‘क्लायंट आयसोलेशन’ डोळे झाकून लावू नका. ते लागलं की बिलिंगचा संगणक आणि मशीन एकमेकांना दिसत नाहीत. दोघांना एका व्हीलॅनमध्ये (त्याच उपकरणांवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) ठेवा. कॅमेरे, गाण्यांचा स्पीकर, कर्मचाऱ्यांचे फोन हे दुसऱ्यात. पीसीआय डीएसएसच्या (कार्डाचा डेटा हाताळणाऱ्यांसाठीच्या सुरक्षा नियमांच्या) तपासणीतही याचा फायदा होतो: कार्डाचं नेटवर्क वेगळं असेल तर तपासणीच्या कक्षेत येणारी उपकरणं कमी होतात.

कॅमेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर: त्यांचं रेकॉर्डिंग बाहेर कुठे अपलोड होत असेल तर अपलोडची लाइन काठोकाठ भरते. राउटरच्या रांगेत पाकिटं (डेटाचे लहान तुकडे) साचतात, एरवी २० मिलिसेकंद लागणारी फेरी एक-दोन सेकंदांवर जाते. वेगाची चाचणी करणाऱ्याला ‘डाउनलोड १०० एमबीपीएस’ दिसतं आणि तो निर्धास्त होतो. इलाज: राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग-व्यवस्था चालू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग जातो, पण कार्डाची पाकिटं अडकत नाहीत.

निरोप्या

आतापर्यंत सगळे काउंटरच्या आतलं बोलले. मी राउटरच्या पलीकडचं सांगतो. ‘बाकी सगळं चालतं, फक्त कार्ड मशीन चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा पुढच्यांपैकी एकात असतं.

एक, एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. पीपीपीओई लाइनवर (नेट कंपनीचं लॉगिन लागणाऱ्या लाइनवर) ही कमाल १५०० नव्हे तर १४९२ बाइट असते. वाटेतल्या कुणी ‘पाकीट मोठं आहे’ हा आयसीएमपी निरोप अडवला, की मोठी पाकिटं गुपचूप नाहीशी होतात. लहान पिंग (पलीकडचं उत्तर देतं का हे पाहणारे निरोप) सुरळीत जातात, टीसीपी (सर्व्हरशी होणारी मूळ जोडणी) जोडला जातो आणि टीएलएसच्या टप्प्यावर, जिथे सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, तिथे सगळं लटकतं. तपासायला लॅपटॉप त्याच केबलवर लावा आणि ‘तुकडे करू नका’ हा पर्याय देऊन पिंग करा. १४७२ बाइट (अधिक २८ हेडर, म्हणजे १५००) जात नसेल आणि १४६४ जात असेल, तर उत्तर मिळालं. राउटरमध्ये एमएसएस (पाकिटातल्या मजकुराची कमाल) १४५२वर बांधा.

दोन, एनएटीची (आतल्या उपकरणांच्या जोडण्या बाहेरच्या आयपीवर नोंदवणाऱ्या व्यवस्थेची) विसरभोळी वही. काही मशीन सर्व्हरशी एकच जोडणी उघडी ठेवतात. बराच वेळ व्यवहार झाला नाही की राउटर किंवा मोबाइल कंपनी ती नोंद पुसून टाकते, दोन्ही टोकांना न सांगता. पुढचा व्यवहार त्या मेलेल्या जोडणीवर जातो आणि टाइमआउट होतो. लगेच केलेला दुसरा मात्र नव्या जोडणीवरून जातो. ‘शांत वेळेनंतरचा पहिला व्यवहार फसतो’ ही याची खूण आहे. आरएफसी ५३८२ (२००८) हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज सांगतो की चालू टीसीपी जोडणीची नोंद २ तास ४ मिनिटांपेक्षा आधी पुसू नये. प्रत्यक्षात, विशेषतः मोबाइल नेटवर्कवर, त्याच्या कितीतरी आधी ती जाते. मशीनमध्ये कीप-अलाइव्हचा (जोडणी जिवंत ठेवणारा निरोप मधूनमधून पाठवण्याचा) पर्याय असेल तर तो दोन-तीन मिनिटांवर ठेवा, नसेल तर मशीनची सेवा देणाऱ्याला ‘प्रत्येक व्यवहाराला नवी जोडणी’ असं सेटिंग मागा.

तीन, फायरवॉल. टीएलएस उघडून तपासणारी फायरवॉल मशीनच्या वाहतुकीला लावू नका. मशीन ठरावीक प्रमाणपत्रांवरच विश्वास ठेवतं, मधल्या फायरवॉलचं प्रमाणपत्र पाहिलं की संवाद तोडतं, आणि तेच योग्य आहे. बाहेर जाणारे पोर्ट (इथे केबलची खाच नव्हे, सेवेचा क्रमांक) सेवा देणाऱ्याकडून लेखी घ्या. ४४३ एकटं पुरेल असं धरून चालू नका. परवानगी आयपीला न देता नावाला द्या, कारण सर्व्हर हलवले की आयपी बदलतात.

चार, घड्याळ. मशीनची तारीख चुकली तर वैध प्रमाणपत्रही ‘मुदत संपलेलं’ ठरतं. एनटीपीसाठी (नेटवरून वेळ जुळवण्यासाठी) यूडीपी पोर्ट १२३ मोकळं ठेवा.

पाच, मशीनचं वय. पीसीआयने टीएलएस १.० सोडायची अंतिम मुदत ३० जून २०१८ ठेवली होती. त्यानंतर अपडेटच न झालेलं मशीन उत्तम नेटवरही जोडलं न जाण्याची शक्यता असते.

लुकलुक

@निरोप्या, दुसरा मुद्दा अगदी मोलाचा. ‘सकाळचा पहिला व्यवहार जात नाही’ हे ऐकून लोक मशीनच बदलायला निघतात.

आता सिम आणि बॅकअप. मशीनमध्येच सिम घालावं की राउटरला दुसरी लाइन द्यावी?

खांबावरचा

एकच मशीन असेल तर मशीनमधलं सिम. तीन किंवा जास्त असतील तर दोन वाटांचा राउटर.

सिमबाबत सर्वांत जास्त फसवतात त्या सिग्नलच्या कांड्या. कांड्या भरलेल्या दिसतात त्या टॉवरशी नोंदणी झाल्याच्या, डेटा मिळाल्याच्या नाहीत. एपीएन (सिमला डेटाची वाट दाखवणारं, मशीनमध्ये भरायचं नाव) चुकीचा असेल तर पूर्ण कांड्या दिसूनही आयपी मिळत नाही. मेनूत आयपीच्या जागी शून्य दिसलं तर आधी एपीएन तपासा, एकेक अक्षर. पेमेंट कंपन्यांची सिम बऱ्याचदा खासगी एपीएनची असतात आणि काही त्या एका मशीनच्या आयएमईआयला (उपकरणाच्या क्रमांकाला) बांधलेली असतात. सिम काढून फोनमध्ये तपासलं तर ते ‘बंद’ वाटेल आणि चुकीचा निष्कर्ष निघेल.

४जीवर आरएसआरपी (सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) उणे ९०च्या वर असेल तर चांगलं, उणे ११०च्या खाली गेलं तर भरवसा नाही. काही मशीन ० ते ३१ असा आकडा दाखवतात. त्याला दोनने गुणून ११३ वजा केले की डीबीएम मिळतो: १० म्हणजे उणे ९३. ९९ दिसलं तर मोजमापच झालेलं नाही. मशीन धातूच्या पत्र्यावर किंवा तिजोरीला चिकटून ठेवू नका, हातभर सरकवलं तरी आकडा बदलतो.

फक्त २जी-३जी जाणणारी मशीन आता घेऊ नका. अनेक देशांत ती नेटवर्कं बंद झाली आहेत किंवा होत आहेत.

गाठीशी

दोन वाटांच्या राउटरबद्दल माझं ठाम मत: लाइन बदलायची कसोटी चुकीची लावली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

बरेच राउटर डीफॉल्टने फक्त केबलचा दिवा पाहतात. फायबरच्या डब्यापर्यंतची केबल शाबूत असते, दिवा हिरवा असतो आणि नेट बाहेर कुठेतरी तुटलेलं असतं. राउटर समाधानी, मशीन बंद. म्हणून कसोटी बाहेरच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी लावा, उदाहरणार्थ ८.८.८.८ आणि १.१.१.१. दर ५ सेकंदांनी पिंग, दोन्ही लागोपाठ ३ वेळा चुकले तरच बदल. म्हणजे साधारण १५ सेकंदांत दुसरी लाइन लागते. एकाच पत्त्यावर विसंबलात तर तो पत्ता बंद पडला की तुमची चांगली लाइन सोडली जाते.

परत येताना घाई नको. मुख्य लाइन ५ मिनिटं सलग नीट चालली की मगच परता, नाहीतर डळमळीत लाइनवर दर मिनिटाला इकडून तिकडे उड्या चालतात, आणि प्रत्येक उडीत सुरू असलेला व्यवहार तुटतो. बदलाच्या वेळी जुन्या जोडण्यांच्या नोंदी पुसण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे मशीन मेलेल्या जोडणीला धरून बसत नाही.

सेवा देणाऱ्याने तुमचा ठरावीक बाहेरचा आयपीच मंजूर केला असेल, तर दुसऱ्या लाइनचा आयपी वेगळा असल्याने तिथून नकार येईल. दोन्ही आधी नोंदवा किंवा व्हीपीएनने एकाच आयपीतून बाहेर पडा.

आठतारी

वीज राहिली. लोक राउटरला यूपीएस लावतात आणि फायबरचा डबा विसरतात. मधला स्विचही. वाटेतली प्रत्येक वस्तू बॅटरीवर हवी.

हिशोब सोपा आहे. राउटर ७ वॉट आणि डबा ५ वॉट धरा, एकूण १२. ॲडॅप्टरवर छापलेला १२ व्होल्ट २ अँपिअर हा कमाल आकडा असतो, खरा वापर वॉटमीटरने मोजा. छोट्या डीसी यूपीएसमध्ये २६०० एमएएचचे ६ सेल असतील तर ३.७ × २.६ × ६ म्हणजे सुमारे ५८ वॉट-तास. घट धरून ८५ टक्के, म्हणजे ४९. भागिले १२, साधारण चार तास. सेल जुने झाले की हा आकडा घसरतो, म्हणून गरजेच्या दीडपट घ्या. आणि पिन पाहून घ्या: ५.५/२.१ आणि ५.५/२.५ मिलिमीटर सारख्याच दिसतात, पण चुकीची पिन सैल बसते आणि राउटर अधूनमधून रीस्टार्ट होत राहतो.

रात्रपाळी

कनेक्शन व्यवहाराच्या ऐन मध्यावर तुटलं तर काय, हेही इथे असू द्या. यात ग्राहकाचे पैसे अडकतात, त्यामुळे तांत्रिक बाबींपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

आयएसओ ८५८३ या कार्ड-निरोपांच्या मानक पद्धतीत मशीन ०१०० किंवा ०२०० हा निरोप पाठवतं आणि ०११० किंवा ०२१० या उत्तराची वाट पाहतं. निरोप पोचला, बँकेने पैसे राखले आणि उत्तर परतताना हरवलं, तर मशीनला ‘टाइमआउट’ दिसतो आणि ग्राहकाच्या फोनवर पैसे कापल्याचा संदेश येतो. दोन्ही खरे असतात. अशा वेळी मशीन उलट-व्यवहार (०४०० किंवा ०४२०) साठवून ठेवतं आणि जोडणी आली की सहसा पुढच्या व्यवहाराआधी तो पाठवतं.

त्यामुळे टाइमआउटनंतर मशीन बंद-चालू करायची किंवा लगेच कार्ड पुन्हा लावायची घाई नको. आधी मेनूतून ‘शेवटचा व्यवहार’ पाहा. तो नोंदलेला नसेल तर जोडणी परत येईपर्यंत थांबा, उलट-व्यवहार जाऊ द्या, मग नवा करा. उलट-व्यवहार बाकी असताना मशीन रीसेट केलं किंवा त्यातला डेटा पुसला, तर ती नोंद जाऊ शकते आणि ग्राहकाचे पैसे बँकेच्या तक्रार-निवारणातून परत येईपर्यंत अडकतात.

ऑफलाइन व्यवहार साठवून नंतर पाठवण्याची सोय काही सेवांमध्ये असते. नंतर बँकेने नाकारलं तर नुकसान सहसा विक्रेत्याचं, म्हणून रकमेची मर्यादा लहान ठेवा.

लुकलुक

तपासणीचा क्रम कुणी एका दमात लिहील का? रात्री एकट्या माणसाला फोनवर सांगता येईल असा.

निरोप्या

उत्तर-कोड नाही हे पाहून झालं असं धरतो. लिंकचा दिवा किंवा वायफायची खूण आहे का? नसेल तर केबल, प्लग, पासवर्ड. आहे, मग मशीनचा आयपी पाहा. १६९.२५४ने सुरू होत असेल किंवा शून्य असेल तर डीएचसीपीने उत्तर दिलेलं नाही: राउटर, व्हीलॅन, स्पॅनिंग ट्री. आयपी बरोबर आहे, तर मशीनच्या मेनूतून गेटवेला पिंग. तो येतो, तर ८.८.८.८ला. तोही येतो, तर सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरच्या नावाला. आकड्याला जातो आणि नावाला जात नाही म्हणजे डीएनएस, तिथे दोन वेगवेगळ्या पुरवठादारांचे पत्ते भरा. फक्त खासगी एपीएन असेल तर त्यांचाच डीएनएस राहू द्या. नावाचा आयपी निघतो पण व्यवहार होत नाही, तर पोर्ट, एमटीयू आणि घड्याळ, याच क्रमाने. सर्व्हरने पिंगला उत्तर दिलं नाही म्हणून तो बंद आहे असं समजू नका, पुष्कळ सर्व्हर पिंग मुद्दाम अडवतात. त्याऐवजी लॅपटॉपवरून त्या पोर्टला टीसीपी जोडणी लागते का ते पाहा.

गाठीशी

आणि महिन्यातून एकदा, गर्दी नसताना, मुख्य लाइनची केबल राउटरच्या मागून स्वतःच्या हाताने काढा. १५-२० सेकंद थांबा, सर्वांत लहान रकमेचा एक व्यवहार करा, पावती आली की तो रद्द करा, केबल परत लावा. बॅकअपच्या सिमचा डेटा-पॅक संपलेला असणं हे नेमकं इथेच कळतं. सिमच्या पॅकची मुदत संपण्याची तारीख कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा, सेवा देणाऱ्याचा मदत क्रमांक आणि मशीनचा टर्मिनल आयडीही त्याच कागदावर. नेट बंद असताना हे तिन्ही ऑनलाइन शोधता येत नाहीत.